ओट्यावरची गाठोडी

पप्पू एजंटचा फोन आला तेव्हा मी नुकतीच अंघोळ करून केस विंचरत होते. "काकू, घर बघायला येणारी पार्टी कामथडीच्या पुढं आलीय. अर्ध्या तासात भोरला पोचते. जरा आवरून ठेवा."

जरा आवरून, म्हणे! याच्या काय बापाचं जातंय बोलायला?

नेमका बाजाराचा दिवस. हिर्डोशीकडच्या बायका सकाळच्या एसटीने येतात, एकेक खरेदी आमच्या ओट्यावर आणून टाकतात आणि दुपारी एसटीच्या वेळेला उचलून नेतात. बावीस वर्षं हे चाललंय. सुरुवात भामाबाईंनी केली. एकदा पाणी प्यायला आल्या नि गाठोडं ठेवून गेल्या, पुढच्या बाजाराला आणखी चौघींना घेऊन आल्या. अधूनमधून मला पावट्याच्या शेंगा मिळतात. मी नको नको म्हणते आणि घेते.

पण मागच्या गिऱ्हाइकाने ओटा बघून "इथे बाजार भरतो का?" असं विचारलं आणि पुन्हा फिरकलं नाही. माझ्या नवऱ्याचं, आनंदचं, डायलिसिस आठवड्यातून तीनदा, पुण्याला. जाऊन आला की तो दोन घास खायलाही उठत नाही. घर विकलं तरच पुण्यात हॉस्पिटलजवळ राहता येईल. यावेळी मला कुणाला परत फिरू द्यायचं नव्हतं.

मग सुटले. औषधांच्या पिशव्या कपाटात, न घडी घातलेले कपडे वॉशिंग मशीनमध्ये, वर्तमानपत्रं गादीखाली. आनंद खुर्चीत बसल्या बसल्या टेबल पुसत होता, तेही एकच कोपरा चार वेळा. "अहो, दुसरीकडेही धूळ असते," म्हटलं. तो हसला. लुगड्यांत बांधलेली सातही गाठोडी मी ओढत मागच्या पडवीत नेली आणि दार लोटून घेतलं.

श्रेयस आणि शुभ्रा, भोरला बदली झालेलं जोडपं. माणसं चांगली होती. ओटा तर शुभ्राला फारच आवडला. "किती मोकळा आहे!" म्हणाली. मग ती सरळ मागे गेली आणि मी पुढे होईपर्यंत पडवीचं दार उघडलंसुद्धा.

"हे काय आहे, काकू?"

"ते होय? भंगार आहे," मी म्हणाले. "जायच्या आधी काढून टाकू."

बोलून वर पाहिलं, तर मागच्या अंगणात भामाबाई उभ्या. ओटा रिकामा दिसला म्हणून घराला वळसा घालून आल्या असणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शुभ्राकडे पाहिलं, आणि पदर खोचला.

"व्हय, भंगारच हाय. म्याच न्हेनार हाय," असं म्हणून त्यांनी दोन गाठोडी डोक्यावर घेतली, एक काखेत मारलं. तीन खेपांत पडवी मोकळी केली. मला हात लावायचं धाडस झालं नाही.

जाताना श्रेयस म्हणाला, "आम्हाला पसंत आहे." आनंदने डोळे मिटून घेतले. इतक्या महिन्यांत त्याचा चेहरा असा सैल झालेला मी पाहिला नव्हता. त्यांची गाडी वळली तशी मी चपला घालून एसटी स्टँडकडे निघाले, जवळजवळ पळतच.

सगळ्या बायका सामान मध्ये ठेवून जमिनीवर बसल्या होत्या. मी भामाबाईंपुढे उभी राहिले. "भामाबाई, मी तुमच्या सामानाला भंगार म्हणाले."

"म्हनला."

"मला माफ करा. घर विकलं जावं म्हणून…"

"ठावं हाय. घर इकताय त्ये लई दिसांपासनं ठावं हाय. दादा जगाया पायजेत का न्हाई?"

मी मान हलवली. डोळे भरून आले होते, आणि भर स्टँडवर तेही लपवता येईना.

"तुम्हाला लागलं असेल," मी म्हणाले.

न्हाई म्हणतील, असं मला वाटलं होतं.

"लागलं की," भामाबाई म्हणाल्या. मग जरा सरकून त्यांनी शेजारची जागा हाताने झाडली. "हितं बसा, वैनी. एस्टीला अजून वेळ हाय."