हात वर

आमच्या गावात तीस वर्षं ग्रामपंचायतीचं मतदान झालं नव्हतं, आणि गावाला त्याचा अभिमान होता. वेशीवर 'बिनविरोध गाव' अशी पाटीच लावली होती. निवडणूक आली की सगळे देवळात जमायचे, नानासो एकेक नाव घ्यायचे आणि हात वर व्हायचे. सरपंच ते स्वतः, नाहीतर ते म्हणतील तो. याला ते लोकशाही म्हणत. मी साताऱ्यात एका क्लासमध्ये नागरिकशास्त्र शिकवायचे, त्यामुळे हे ऐकलं की माझं डोकं उठायचं.

पण माझं खरं भांडण शास्त्रासाठी नव्हतं, आईसाठी होतं. आईला, म्हणजे आक्काताईला, नानासोंनीच पंचायतीत राखीव जागेवर बसवलं होतं. एकदा आमच्या विहाराची वाट नानासोंच्या गोदामाला द्यायचा ठराव आला. सगळ्यांचे हात वर गेले, आईचा गेला नाही.

"आक्के, हात दुखतोय व्हय?" नानासो म्हणाले. "मग जरा व्यायाम कर. हुबी ऱ्हा. सभा संपस्तवर हात खाली आला न्हाई पायजे."

आई उभी राहिली. सभा मुद्दाम लांबवली गेली आणि बाकीचे हसत चहा पीत राहिले. त्या दिवसापासून तिचा खांदा कामातून गेला. तिची वेणी मी घालते, आणि प्रत्येक पेडाला मला नानासो आठवतात.

यंदा मी क्लास सोडला, गावी आले आणि सरपंचपदाचा अर्ज भरला. नानासोंनी देवळात गाव गोळा केला आणि स्वतःसाठी हात वर करायला लावले. त्याआधीच मी विहारात बायकांना बुद्धाच्या संघातली रीत सांगितली होती. मतभेद झाला की भिक्खू रंगीत काड्या घेऊन कौल देत. बोलायची चोरी असेल तिथे काडी वाटणारा एकेकाच्या कानात सांगे, हवी ती घे, कुणाला दाखवू नकोस. अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट.

"देवळात खुशाल हात वर करा," मी म्हणाले. "मशिनपाशी नानासो नसतात."

ही गोष्ट बांधाबांधावरून फिरली. नानासोंच्या भावकीतल्या सुलाबाई परसदारी येऊन विचारून गेल्या, "ते काडीचं खरं हाय का गं? कुनालाच कळत न्हाई?"

नानासोंनी देवळातले हात मोजले आणि निर्धास्त झाले. मतदानादिवशी त्यांनी स्वतःच्या जीपा लावून सगळ्यांना केंद्रावर आणलं. माझे मतदारसुद्धा त्यांच्याच डिझेलवर आले. मी निवडून आले.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी अध्यक्ष होते. नानासो खुर्चीतूनच बोलायला लागले.

"नानासो, हात वर करा," मी म्हणाले. "आणि उभे राहा. पाळी आली की सांगते."

ते हसत उठले आणि हात वर केला. मी दुसऱ्यांना बोलायला दिलं. आधी गटार, मग दिवाबत्ती, मग अंगणवाडीचे पत्रे. त्यांचा हात खाली यायला लागला.

"हात खाली आला की पाळी गेली."

हात परत वर गेला. हसू गेलं होतं. कुणी चहा पीत नव्हतं. मुलांना मी शिकवायचे, राजाच्या मर्जीला नियम नसतो. त्या घटकेला राजा मीच झाले होते, ते मला कळत होतं, आणि मला बरं वाटत होतं.

मग पहिल्या रांगेतली आई उठली. सगळ्यांना वाटलं, आता ही त्यांना सोडवणार. मलाही वाटलं. आईने नानासोंच्या वाकू लागलेल्या हाताकडे नीट बघितलं.

"मला पैली कळ कोपरात आलीती," ती म्हणाली. "खांदा मागनं गेला. यांचं आत्ता कुठं कोपार आलंय."

आणि ती खाली बसली. मी पुढचा विषय पुकारला.