धुकं नव्हतं ते

मी डोंगर बोलतोय. खरा नव्हे, कागदावरचा. गुंडाळला तर काखेत मावणारा.

श्येश्येनजवळच्या खेड्यात राहणाऱ्या त्साओ श्यूलिन यांनी मला तीन दिवसांत काळ्या शाईनं काढलं आणि जिवलग मित्र हो गुरुजी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांना भेट दिलं. गुरुजींनी मला बैठकीत टांगलं.

मग अर्थांना ऊत आला. कोणी म्हणे, पाइनचं झाड म्हणजे दीर्घायुष्य. कोणी म्हणे, धबधबा म्हणजे मनाची ओढ. माझ्या उजवीकडे वर कोरा कागद होता, त्यावर मात्र सगळ्यांचं एकमत: धुकं!

"संसारातून मन उडालेल्या माणसाचं धुकं," शेजारचे वैद्य म्हणाले.

माणसांना कोरी जागा बघवतच नाही. गुरुजींनी ते मनाला लावून घेतलं. श्यूलिनला एकांत हवाय, आपण कशाला लुडबुडायचं? त्यांनी त्याच्याकडे जाणं सोडलं.

नववर्षाला त्साओ आले. आधी त्या कोऱ्या जागेकडे पाहिलं, मग अर्धा चहा टाकून उठले. पुन्हा सात वर्षं फिरकले नाहीत. मला फार वाईट वाटे, पण सांगणार कसं?

दमटपणानं माझ्या पाठीचा कागद सुटला, तेव्हा गुरुजी आणि त्यांची बायको चिनलान मला चित्रं मढवणाऱ्या शू मावशींकडे घेऊन गेले. मावशींनी मला उजेडात धरलं.

"गुरुजी, हे कसलं धुकं? धुक्याला पातळ शाईची कड असते. इथे कुंचला टेकलेलाच नाही. अशा चित्रात दोस्तानं चार ओळी लिहाव्यात असा रिवाज आहे, त्यासाठी सोडलीय ही जागा."

"त्याच्या डोंगरावर माझं अक्षर?"

"चाळीस वर्षं पोरांच्या वह्यांवर लाल रेघोट्या मारल्यात, तेव्हा नाही लाजलात ते!" चिनलान कडाडल्या.

गुरुजींनी त्या कोऱ्या जागेत लिहिलं: 'श्यूलिन, मला वाटलं तुला मी नको आहे.' मला काखेत मारून ते बसनं त्साओंकडे गेले.

एव्हाना त्साओंची दृष्टी गेली होती. कोऱ्या जागेत लिहून आणलंय, असं गुरुजींनी सांगितलं. "वाच," ते म्हणाले. गुरुजींना वाचवेना. शेवटी त्यांनी त्साओंचं बोट धरलं आणि अक्षरांवरून फिरवलं, पोराला पहिल्यांदा गिरवायला शिकवावं तसं.

"गाढवा," त्साओ म्हणाले, "मला वाटलं, तुला माझ्या नावाशेजारी तुझं नाव नको."

आता मी त्साओंच्याच भिंतीवर असतो. दर शनिवारी गुरुजी येतात, दोघं चहा पितात आणि भांडतात.

चित्राचा अर्थ खुशाल लावा, बाबांनो. पण काढणारा बसनं तासाभरावर राहत असेल, तर जाऊन त्यालाच विचारा. त्याचे डोळे शाबूत आहेत तोवर विचारा.