राजानं कोंडलेला कोसा

वच्छलाबाईच्या हातचा कोशाचा, म्हणजे रानच्या रेशमाचा, धागा आरमोरीच्या विणकरांपर्यंत पोचला होता, पण तो निघतो कसा हे गावातल्या एकाही पुरुषानं पाहिलं नव्हतं. खुद्द नवऱ्यानंही नाही. हे काम दार लावूनच करायचं. लुगडं मांडीवर सरकवायचं, राखेच्या पाण्यात उकडलेल्या पाच-सहा कोशांची टोकं एकत्र धरायची, उघड्या मांडीवर तळव्यानं वळत वळत धागा ओढायचा आणि बांबूच्या चौकटीवर गुंडाळायचा. घरच्या पुरुषानं आत येण्याआधी ओसरीवर खोकायचं, हा सासूच्या सासूपासूनचा कायदा. तिचा नवरा वारलू चाळीस वर्षं इमानेइतबारे खोकत आला होता.

दोन वर्षांपूर्वी बचतगटात धागा काढायचं यंत्र आलं. बैठकीत एक साहेब म्हणाले, मांडीवर धागा काढणं म्हणजे बायांची विटंबना, हे आता बंद झालं पाहिजे. पोरी खूश झाल्या, आणि त्यांचं खोटं नव्हतं. मांडीची सालटी निघतात, चार दिवस धड बसता येत नाही. वच्छलाबाईलाही ते पटलं. पण घरी परतताना तिच्या मनात आलं, म्हणजे आपण जन्मभर लाजिरवाणं काम करत होतो की काय! यंत्राचं पायडल मारायला तिचा गुडघा चालेना, म्हणून ती घरीच धागा काढत राहिली. फक्त आता खिडकीही लावून घ्यायची.

अशा बाईचं दार भरदुपारी वाजवून संघप्रिया आत आली, दार मागे लावून घेतलं आणि म्हणाली, "बाई, मले तुमचं मांडीवरचं काम मोबाईलमध्ये घ्याचं हाय."

"तुयं डोस्कं ठिकानावर हाय ना, पोरी?"

संघप्रिया गावच्याच बौद्ध घरातली. गडचिरोलीला राहून इतिहासात पीएचडी करत होती. सोमवारी तिला समितीसमोर प्रबंधातलं एक प्रकरण मांडायचं होतं. समितीत चार सर, बाई एकही नाही. आणि नेमकं तिथंच घोडं अडलं होतं.

तिनं मोबाईलवर एक फोटो उघडून दाखवला. परदेशातल्या कुठल्याशा संग्रहालयानं पाठवलेला, वीतभर कापडाच्या तुकड्याचा. रंग सुक्या पानासारखा. खाली कुणा इंग्रज व्यापाऱ्यानं एक शब्द लिहून ठेवला होता. संघप्रियानं अर्थ सांगितला, "गवत."

"गवत?" वच्छलाबाईला हसूच आलं. "अवं हा कोसा हाय. आंधळा होता काय तो?"

"मीबी तेच लिहिलं. पन सर म्हन्तात, कागदावर गवत हाय तं गवतच. कोसा हाय हे सिद्ध करा, नाई तं प्रकरण काढून टाका. तुमचा धागा निघताना दाखवून या फोटोशी ताडला, तं मानतीन. नाई तं दोन वर्सं पान्यात जातीन, बाई."

संघप्रियानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. पुन्हा मोठा केला. धागे दोरखंडाएवढे दिसू लागले आणि वच्छलाबाईचं हसू थांबलं. तिनं मोबाईल हातात घेतला, कौलांतून येणाऱ्या उजेडाकडे धरला, डोळे बारीक केले.

"हे पाय. इथी धागा जाड झाला. इथी एक कोसा सपला, अन् बाईनं दुसरा जोडला. गाठ नाई मारली. मांडीवर घासून जिरवला." ती बोट फिरवत गेली. "हे दुसरं. इथी हात थांबला तिचा. उठली असंन. लेकरू रडलं असंन नाई तं चुलीवर काई उतू गेलं असंन. आली, बसली, पुन्हा सुरू केलं. किती वर्सांचं हाय हे?"

"तीनशेच्या वर."

वच्छलाबाईनं तोंडात बोट घातलं. तीनशे वर्षं! बाई गेली, तिची लेकरं गेली, त्यांची लेकरं गेली, आणि कामावरून अर्ध्यात उठल्याची खूण तेवढी राहिली.

"आपल्या इकडची होती काय?"

"ते मले सांगता नाई येत. बंगालकडची बी असंन."

"जंगल कोनतंबी असो. मांडी बाईचीच हाय." मोबाईल परत देत तिनं विचारलं, "पन तिकडं गेलं कसं हे?"

संघप्रिया सांगायला लागली. त्या काळी युरोपातल्या राजांचा एकच हेका होता. आपल्या देशात चांदी-सोनं यावं, बाहेर एक कणही जाऊ नये. माल विकावा जगाला, घ्यावा कुणाचा नाही. पण इंग्रजांची कंपनी तर जहाजं भरभरून चांदी इकडे आणायची आणि कापड न्यायची. तिथल्या बाया त्या कापडावर लट्टू झाल्या. तिथले विणकर बोंबलायला लागले. शेवटी त्यांच्या दरबारानं कायदाच केला. हिंदुस्थानातलं छापील सुती कापड, रेशीम आणि ते 'गवत' इंग्लंडात कुणी वापरायचं नाही. बंदरावर उतरलं की सरळ गोदामात कुलूपबंद. विकायला ठेवलेलं सापडलं तर दोनशे पौंड दंड.

"मंग आनत काऊन होते?"

"दुसऱ्या मुलखात विकाले. सोता नेसाचं नाई, जगाच्या गळ्यात माराचं. नफा त्याईचाच."

वा रे राजा! नाचता येईना तर माणूस अंगणाला वाकडं म्हणतो. यानं अंगणालाच कुलूप घातलं. वच्छलाबाई आपल्या तळहाताकडे बघत बसली. या हाताला यंत्र आल्याच्या दिवशी कुणी विचारलंही नव्हतं, पुढे काय करशील म्हणून. आणि असल्याच एका हाताला भिऊन समुद्रापलीकडच्या राजानं कायदा करावा? तिला ते खरंच वाटेना, आणि खोटं म्हणवेना.

"पुढं त्याईनं गिरन्या काढल्या," संघप्रिया म्हणाली. "मंग त्याईचं कापड इकडं आलं. आमच्या घरचे जुने लोक बी जाडंभरडं विनत होते, बाई. माग बंद पडले, अन् मजुरीले लागले सारे."

"अन् तिकडल्या बायाईनं आयकलं तो कायदा?"

"कुठी आयकलं! इकडलं छापील कापड नेसतच राह्यल्या. मंग तिथले विनकर लोक रस्त्यात त्याईले गाठत. भर बाजारात अंगावरचं फाडत, तेजाब टाकत."

"बाईच्या अंगावरचं?"

"हो."

वच्छलाबाईला रागही आला आणि कसलंसं मोठं नवलही वाटलं. म्हणजे जी काढते, तिनं दार लावून बसायचं. आणि जी नेसते, तिला रस्त्यात उघडं करायचं. मधल्या साऱ्यांनी तेवढं श्रीमंत व्हायचं. त्या गोऱ्या बाईला कधी कळलंही नसेल की आपल्या अंगावरचा धागा कोण वळतं. कळणार तरी कसं? कुणी पाहिलंच नव्हतं.

तिनं उठून खिडकी उघडली. मग दार. दुपारचं ऊन जमिनीवर आलं, त्यात तिनं पाट ओढला आणि कोशांचं मडकं जवळ घेतलं. बसली, आणि जराही घाई न करता लुगडं वर सरकवलं. मांडीवर वीतभर जागा काळी, घट्ट, चकचकीत झालेली होती. संघप्रियानं नजर खाली घेतली.

"खाली काऊन पायतं? पाय नीट. सोमवारी सांगाचं हाय ना तुले?"

संघप्रियानं मोबाईल उंचावला. "बाई, मी फक्त हात घेईन. मांडी नाई दिसू देनार. सारे सर लोक राह्यतीन तिथी. कोनी हासलं तं?"

"हासतीन एखाद्या वेळी. मलेबी लाज वाटून राह्यली, खोटं काऊन सांगू?" वच्छलाबाईनं लुगडं खाली घेतलं नाही. "पन मांडी कापून टाकशीन तं काय दिसंन त्याईले? हात हवेत फिरून राह्यला अन् धागा निघून राह्यला. मंग ते पुन्हा गवतच म्हनतीन. पुरं घे, पोरी."

आणि तिनं ओल्या कोशांची टोकं मांडीवर धरून तळवा फिरवला.