वहीतल्या थांबायच्या जागा

मित्रांनो, त्या बुधवारी मी नेहमीसारखीच पेटीवर उघडी पडले होते. भजनाला पेटी वाजवणाऱ्या नत्थूजींनी मळ्यातल्या मेथीच्या जुड्या बांधल्या, धोतराला हात पुसले आणि माझं पान उलटलं. कोपऱ्यावर ओल्या मातीचं बोट उमटलं. ते अजून तसंच आहे.

मी एक जुनी, लाल कापडी पाठीची वही. बोरगाव मेघेच्या भजनमंडळाची सगळी भजनं माझ्यात सरगम करून लिहिलेली आहेत. कोमल स्वराखाली रेघ, खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर. एवढं नत्थूजी इकडून तिकडून शिकले होते. एक खूण मात्र त्यांची स्वतःची होती. ओळीत मधेच एक छोटा गोल.

त्यांची लेक मंजुषा नऊ वर्षांची होती, तेव्हा तिला दमा होता. मंडळात बसायची, पण लांब ओळीत मागे पडायची. तिचा श्वास जिथे तुटे, तिथे नत्थूजी गोल काढत. गोल आला की सगळं मंडळ थांबे. का थांबायचं, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, तिलाही नाही.

आता मंजुषा शाळेत शिकवते. आष्टी, जाम आणि बोरगाव या तीन मंडळांना एकत्र गायचं होतं, पण प्रत्येकाच्या खुणा निराळ्या. मोबाइलवर रेघा-टिंबं नीट उमटत नव्हती. म्हणून सर्वांना टाइप करता येतील अशा साध्या खुणा ठरत होत्या, आणि त्या बुधवारी ती मला उतरवून घेत होती.

“बाबा, हे गोल काढून टाका लागते. आष्टीच्या महादेवरावांच्या तबल्यात गोल म्हणजे खालीची मात्रा. थे गोंधळून राह्यले.”

“राहू दे न वं. एवढ्यानं काय होते त्याइले?”

“वही आता तुमच्या एकट्याची नाई. अन् गोल काई सूर नाई.”

नत्थूजी हसले. “बरं. काढून टाक. तू शिकलेली.” त्यांनी पेटीचा भाता बंद केला आणि ते वाफ्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी गाडीत चढवताना त्यांच्या छातीत कळ आली. वर्ध्याला पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

महिन्याभराने तिन्ही मंडळं देवळात जमली. सगळ्यांच्या हाती सारखे छापील कागद होते. मी मंजुषाच्या मांडीवर मिटलेली होते. नत्थूजींची पेटीही मिटलेलीच होती. गाणं सुरू झालं. एकही स्वर चुकला नाही. पण तिसऱ्या ओळीत आमच्याच मंडळातल्या तानाबाईंचा आवाज मधेच गळाला आणि बाकीचे पुढे निघून गेले.

“तानाबाई, गाडी सुटली तुमची!” कुणीतरी हसलं.

“गाडी कायची रे! सासच घेऊ देऊन नाई राह्यले तुम्ही. नत्थूभाऊ अठी थांबत होते.”

मंजुषाने मला उघडलं. तिचं बोट गोलावर थांबलं.

“ताई, एकमतानं ठरलं होतं,” महादेवराव म्हणाले. “पुन्हा गोल नको.”

“गोल नको, काका. उभी रेघ घ्या. पण थांबायची जागा ठेवा.”

मित्रांनो, मी कपाटात पडेन, माझी पानं पिवळी होतील, त्याचं मला वाईट वाटणार नाही. खुणा बदलाव्या लागतात. फक्त एखादी खोडण्याआधी ती कुणासाठी काढली होती, हे एकदा विचारत जा. त्या बुधवारी ते कुणी विचारलं नाही.

“पण अठी थांबाचं काऊन?” महादेवरावांनी विचारलं.

मंजुषाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती मिटलेल्या पेटीकडे पाहत होती.

“बाबा, मले माहीत होतं,” ती मोठ्याने म्हणाली. “थे गोल माह्यासाठी होते. लहानपणापासून माहीत होतं. कधी बोलली नाई मी.”