दगडाच्या पुढे

ओमानमधल्या सलालाहमध्ये खरीफ, म्हणजे इथला पावसाळा, सुरू झाला की आमच्या गॅलरीतून समोरची नारळाची बाग दिसेनाशी होते. आधी शेंडे जातात, मग खोडं, आणि शेवटी कठड्यावर वाळत घातलेला टॉवेल तेवढा उरतो. तोही वाळत नाही. बाकीचं आखात उन्हात भाजत असतं तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे ही झिमझिम आणि हे पांढरं धुकं. मस्कत-दुबईहून लोक गाड्या भरभरून ते बघायला येतात. मी बघत नाही, मला त्यात कपडे वाळवायचे असतात.

त्या वर्षी मात्र धुक्याकडे तासन् तास बघत बसणारा एक माणूस आमच्या घरातच होता. राकेश, माझा नवरा. पोर्टमध्ये क्रेनच्या मेन्टेनन्सचा इंजिनियर. आधीच्या वर्षी त्याच्या छातीत कळ आली, हॉस्पिटलात नेलं, एक स्टेंट बसला. डॉक्टर हाफिजा म्हणाल्या, आता चालाफिरायचं, जगायचं. राकेशनं त्यातलं जगायचं तेवढं ऐकलं. लिफ्टनं खाली, गाडीत, ऑफिसच्या खुर्चीत, परत गाडीत, लिफ्टनं वर, सोफ्यात. मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ. जेवताना घास हातात धरून तो घड्याळात बघायचा.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आमच्या घरात भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब, ब्रह्मराक्षसाला जागा नाही. पण तो आला होता आणि सोफ्यावर राकेशशेजारी बसून टीव्ही बघत होता.

आता हा राकेश पूर्वी कोण होता ते सांगते, नाहीतर तुम्हाला तो कायमचाच मऊ वाटेल. इंजिनियरिंगला असताना हा औलीला जाऊन बर्फावर स्कीइंगचा कोर्स करून आला होता. आमच्या अख्ख्या गोतावळ्यात तोवर बर्फ म्हणजे उसाच्या रसात टाकतात तो. लग्न ठरवायला मला पहिल्यांदा भेटला तेव्हा इराण्याच्या हॉटेलात टेबलाच्या दोन बाजूंना हात टेकवून यानं मला गुडघे कसे वाकवायचे ते करून दाखवलं होतं. वेटर थांबून बघत होता. मी तिथंच हो म्हटलं.

आमची मुलगी प्रणाली लहान असताना वाळवंटाच्या कडेला तो तिला फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर उभं करायचा आणि वाळूच्या टेकडीवरून सोडायचा. "पुढे झुक, पिल्लू! भीती वाटली की माणूस मागे झुकतो आणि मागे झुकला की पडतो. पुढे!" ती पडायची, तोंडात वाळू, आणि पुन्हा वर धावायची. तेव्हाच त्यानं तिला सांगितलं होतं, मोठी हो, मग खऱ्या बर्फावर मीच शिकवीन.

ती मोठी झाली. दिल्लीला शिकायला गेली, आणि जूनमध्ये तिचा फोन आला. जानेवारीत गुलमर्गला जायचं ठरवलं होतं तिनं.

"बाबा, यू प्रॉमिस्ड. मला... मला एकटीनं नाही जायचं. तुम्ही शिकवणार मला."

"बघू गं," राकेश म्हणाला.

"आणि आई तू पण."

"मी कशाला? मी हॉटेलात चहा पीत बसेन," मी म्हटलं. "तुमचे फोटो काढेन."

मग तिचा मेसेज आला, 'बाबा बूट साइझ?' आधीच बुक करायचे होते म्हणे. राकेशनं तो वाचला. निळ्या खुणा उमटल्या. उत्तर गेलं नाही. रोज संध्याकाळी तो मेसेज उघडायचा, बघायचा, फोन पालथा ठेवायचा.

डॉक्टर हाफिजांनी सोपं सांगितलं होतं. ट्रेडमिलवरची तपासणी नीट झाली तर जा, खालच्या खालच्या उतारावर खुशाल खेळा. तपासणीला मी बाहेर बसले होते. पट्टा जरा चढाला लागला आणि राकेश म्हणाला, "बस, बंद करा." कागदावर काहीही वाईट नव्हतं. हाफिजाबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हार्ट ने नहीं रोका, वैशालीजी. इन्होंने रोका."

घरी येताना मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. एरवी मी भांडते. नणंद मला कजाग म्हणते, ते खरं आहे. पण त्या दिवशी भांडायला समोर कुणी नव्हतं. मला एकच भीती वाटत होती: हा माणूस वाचला खरा, पण परत येणार नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी तो सोफ्यावर झोपला होता. धुकं गॅलरीच्या दारातून अगदी घरात यायच्या बेतात होतं. मी त्याच्यावर चादर घालायला गेले, तर त्याचे पाय हलत होते. दोन्ही एकदम, आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. गुडघे किंचित वाकलेले. चेहऱ्यावर वारा लागल्यासारखं हसू. तो कुठून तरी खाली येत होता, आणि मस्त येत होता. मी चादर हातात धरून तशीच उभी राहिले. त्याला उठवायचं माझ्या जिवावर आलं. तो थांबला तेव्हा पाय आपोआप एकमेकांजवळ आले आणि त्यानं सुस्कारा सोडला. म्हटलं, हा आत आहे अजून.

दुसऱ्या दिवशी मी जाहीर केलं, "उद्यापासून खुर्ची."

खुर्ची म्हणजे शाळेतली शिक्षा. पाठ भिंतीला, गुडघे वाकवलेले, खाली काहीच नाही. आम्हा दोघांनाही शाळेत भरपूर मिळाली होती. बर्फावरच्या खेळासाठी मांड्या अशाच तयार करतात, असं राकेशच एकदा म्हणाला होता. आता तो भिंतीला टेकायचा, मांड्या थरथरायला लागायच्या, आणि घड्याळ बघून उठायचा आणि सोफ्यावर जाऊन बसायचा. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "बसलास काय लगेच? ऊठ!" तो म्हणायचा, "खुर्चीत बसू की उठू, एक काय ते सांग."

शुक्रवारी आम्ही अतीनच्या डोंगरावर जायला लागलो. राकेशच्या ऑफिसातल्या रशीदच्या गाई तिथं आहेत. ओमानमध्ये गाई म्हटलं की गावाकडच्या लोकांना खरं वाटत नाही, पण खरीफात इथले डोंगर असे हिरवे होतात की गाईंनी तरी काय करावं? रशीद आमच्याबरोबर यायचा, पण त्याला चिखलाचा तिटकारा. तो गाडीतून उतरायचा नाही. काच खाली करून सगळ्या सूचना तिथूनच. त्यानं गुराख्यांच्या दोन काठ्या मात्र आणून दिल्या होत्या. "यल्ला राकेशभाई, लेफ्ट से जाओ! मॅडम, चप्पल नहीं, शूज!" उंटावरून शेळ्या हाकणं कसं असतं ते मी ओमानमध्ये शिकले, आणि उंटाला वातानुकूलन होतं.

उतारावर मध्ये एक चपटा दगड आहे. तो आला की राकेश थांबायचा. घड्याळ बघायचा, छातीवर हात ठेवायचा आणि वळायचा. "आज इतकंच." मी म्हणायचे, अजून चार पावलं चल. तो म्हणायचा, पुढच्या वेळी. पुढच्या वेळीही दगड तिथंच असायचा. दगड काय हलणार?

ऑगस्टमधल्या त्या शुक्रवारी धुकं इतकं दाट होतं की रशीदनं गाडी थांबवली ती रस्त्यावर की गवतात, हे त्यालाही कळलं नाही. राकेशचं घड्याळ सकाळपासून पिकपिक करत होतं. मी हात पुढे केला. "दे ते इकडे. आज माझ्याकडे राहू दे." तो कुरकुरला, पण दिलं. मी ते मुठीत धरलं.

आम्ही चढायला लागलो. पायाखालचं गवत दिसत होतं, त्यापुढे काही नाही. झिमझिम पडत नव्हती, नुसती हवेत उभी होती. राकेशच्या काठ्यांचा आवाज पुढून येत होता, टक् टक्, ओल्या मातीत जरासा दबलेला. तो काय गुणगुणत होता कुणास ठाऊक. मला वाटलं आपण तिघंही कधीचे इथं चालतोय, मी, तो आणि तो आवाज, आणि खाली सलालाह नाही, पोर्ट नाही, काहीच नाही. मन अगदी हलकं झालं होतं.

मग माझा बूट चिखलात रुतला. तो उपसून, नाडी बांधून वर बघते तर आवाज नाही.

"राकेश?"

अंदाजानं चालत गेले. पायाला काहीतरी कठीण लागलं. आमचा दगड. त्यावर कुणी नव्हतं. मला वाटलं, वळून खाली गेला असेल. पण खाली गेला असता तर मला धडकला नसता का? मग पडला? मी हाका मारत सुटले. धुक्यात हाक लांब जात नाही, तोंडाशीच घुटमळते. जवळच कुणीतरी जोरात श्वास सोडला. "राकेश!" म्हणत मी हात पुढे केला आणि तो एका ओल्या, गरम नाकाला लागला. रशीदची गाय. तिनं माझ्याकडे बघितलं आणि चरत निघून गेली.

मी दगडावर बसले. मूठ उघडून घड्याळ बघितलं, का ते मलाही माहीत नाही. त्यावर नुसत्या रेघा होत्या. ते कुणाच्याच हाताला बांधलेलं नव्हतं.

मीच आणलं याला इथं. सोफ्यावर जिवंत होता ना? होता. बसू द्यायला काय झालं होतं? एका मेसेजपायी, एका बर्फापायी मी माझा माणूस या पांढऱ्यात हरवून बसले. मी रडायला लागले. मला रडता येतं हेही मी विसरले होते, कारण तो आजारी पडल्यापासून घरात रडायचं काम मी कुणालाच दिलं नव्हतं.

आणि तेव्हा आवाज आला. टक्. थोडं थांबून, टक्. खालून नव्हे, वरून.

मी मान वर केली. पांढऱ्यात आधी काळपट काहीतरी डावीकडे गेलं. मग उजवीकडे आलं, जरा मोठं होऊन. पुन्हा डावीकडे. दोन काठ्या दोन बाजूंना, गुडघे वाकलेले, छाती पुढे. तो माझ्याकडे आडवातिडवा उतरत येत होता, पाय टाकत नव्हता, ओल्या गवतावर नुसता वाहत होता. मी बर्फ कधी पाहिला नाही. त्या क्षणी पाहिला. इराण्याच्या हॉटेलातला तो पोरगा वरून खाली येत होता आणि त्याला घाई नव्हती.

माझ्यापुढे येऊन त्यानं पाय आडवे केले आणि थांबला. तोंड लालबुंद, केसांतून पाणी गळतंय, धापा टाकतोय आणि हसतोय.

"वर गुरांसाठी दगडांची भिंत आहे," तो म्हणाला. "तिथवर गेलो मी. आपला दगड कुठे गेला, वैशू? लागलाच नाही."

"मी बसलेय त्याच्यावर."

त्यानं दगडाकडे बघितलं. मग मागे वळून वर बघितलं, जिथून तो आला होता तिकडे. तिथं काही दिसत नव्हतं. त्याचा हात सवयीनं छातीकडे गेला. हात तिथं टेकला, जरा थांबला, आणि कपाळावरचं पाणी पुसायला वर गेला.

"सोमवारी हाफिजाबाईंकडे जाऊ," तो म्हणाला. "ते पट्ट्याचं उरकून टाकू." मग माझ्याकडे नीट बघून, "रडलीस?"

"नाही. धुकं आहे."

"बसलीस काय? ऊठ. वर चल, तुला भिंत दाखवतो."

मी उठायला गेले. उठता येईना. मांड्या थरथरत होत्या. मी पुन्हा बसले. तेव्हा मला कळलं. याला सोफ्यावरून उठवायला मी ओरडत होते, पण मीसुद्धा त्या सोफ्यापासून कधी हलले नव्हते. तो झोपला की त्याचा श्वास ऐकत बसायचे. तो जेवला की त्याचा चेहरा बघत बसायचे. गुलमर्गलाही मी बसायचंच ठरवलं होतं. चहा घेऊन, काचेमागे, तो खाली नीट येतो की नाही ते बघत. ब्रह्मराक्षस सोफ्याच्या एकाच बाजूला बसला नव्हता.

"मला नाही जमत राकेश. मला भीती वाटते," मी म्हटलं. हे मी त्याला आजवर सांगितलं नव्हतं.

त्यानं माझ्या मुठीतून घड्याळ काढून घेतलं आणि माझ्याच मनगटाला बांधलं. ते लगेच पिकपिक करायला लागलं. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो आणि मग दोघांनाही हसू फुटलं. खालून रशीदनं हॉर्न दिला. "सब ठीक? खलास? चाय ठंडी हो रही है!"

"अभी नहीं, रशीद!" राकेश ओरडला. एक काठी त्यानं माझ्या हातात दिली. "गुडघे वाकव. पुढे झुक."

मी पुढे झुकले, आणि उठले.

भिंतीपाशी पोचलो तेव्हा माझी छाती भात्यासारखी हलत होती. राकेशनं खिशातून फोन काढला, बाहीला पुसला आणि प्रणालीचा तो मेसेज उघडला. ओल्या बोटांनी अक्षरं उमटेनात, म्हणून त्यानं फोन माझ्याकडे दिला.

"लिही. माझा नऊ."

मी लिहिलं.

"आणि तुझा?" तो म्हणाला.

धुकं जरासं विरळ झालं होतं. खाली आमचा दगड दिसत होता, पोळपाटाएवढा, आणि त्याच्याशेजारी गाय. मी तिकडे बघितलं आणि नऊच्या पुढे माझा नंबर लिहिला, साडेपाच.