अनुसयाबाईचा अर्ज आणि मी

मित्रांनो, मी सीताबर्डीच्या फुटपाथवर बसणारा एक म्हातारा मराठी टाइपरायटर आहे. माझा 'ळ' थोडा वर उडतो आणि माझी घंटी आता वाजत नाही, पण कान शाबूत आहेत. खरं दुःख तेच आहे. ऐकायला सगळं येतं, बोलता काही येत नाही.

चौसष्ट साली माझे मालक, लोकांचे अर्ज टाइप करून देणारे चंपतराव, यांनी मला आणलं. त्यांची बोटं अशी चालत की बघणारे थांबत. दहा मिनिटांत अर्ज तयार! जवळच एका माडीवर अंजनाबाईंची टायपिंगची खोली होती. तिथे त्या एकट्या, यंत्र एकच, आणि एका पानाला तासभर. मग तिकडे कोण चढणार? सगळे आमच्याकडे. विचारायचे एकच : "किती टाइम लागन?" हे आपलं लिहिणं आणखी कोण वाचणार, असं दहा वर्षांत एकानेही विचारलं नाही. मला वैताग यायचा. कारण चंपतराव टाइप करताना प्रत्येक ओळ मोठ्याने म्हणत, चहा पिणारे ऐकत, आणि प्रत्येक अर्जाची कार्बनखाली निघालेली स्थळप्रत माझ्या टेबलाच्या खणात जाई. खणाला कुलूप नव्हतं.

चौऱ्याहत्तर साली अनुसयाबाई आली. ती हातमागावर लुगडी विणायची. तिच्या विणकर संस्थेत सूत वाटणारा कारकून रुपराव लबाडीची वजनं वापरून सगळ्यांना सूत कमी देत होता. तिला हातमाग खात्याच्या साहेबांकडे तक्रार करायची होती. विचारणारी ती पहिलीच.

"भाऊ, हे कोनाले समजनार तं नाई ना?"

"मी कायले सांगतो वं? तू बिनफिकीर राह्य," चंपतराव म्हणाले, आणि लगेच मोठ्याने सुरू झाले, "माननीय साहेब..."

ती इकडेतिकडे बघत पदर सावरत राहिली. अर्ज खरोखर दहा मिनिटांत झाला.

तिसऱ्या दिवशी रुपराव संस्थेची एक नोटीस टाइप करून घ्यायला आला. चंपतराव दुष्ट नव्हते हो, पण आपल्या भाषेचा भारी अभिमान! "तुमच्या संस्थेवर एक अर्ज लिवला, पाहा कसा फक्कड लिवला," म्हणत त्यांनी खण उघडला. मी माझा रूळ अडकवून पाहिला, कळा एकमेकींत गुंतवल्या. त्यांनी मला एक चापट मारली आणि स्थळप्रत रुपरावच्या हातात दिली.

बावीस दिवसांनी अनुसयाबाई पुन्हा आली. साहेब येऊन गेले होते, पण त्याआधीच रुपरावने वजनं बदलली होती. ती चारचौघांत खोटी ठरली. आता तिच्या मागाला सूतच मिळत नव्हतं.

"काहून दाखवला भाऊ माहा अर्ज?"

"अवं, तो आपलाच मानूस हाय. मले काय माहीत तो असं करन?"

"माग रिकामा हाय माहा. लेकरं मले इचारून राहिले, माय, आवाज काहून बंद हाय." तिने हात पुढे केला. "माहा कागद द्या."

चंपतरावांनी मान खाली घालून स्थळप्रत दिली. कागद तिथेच फाडून ती अंजनाबाईंच्या जिन्याकडे निघाली.

"तिथं दोन तास बसा लागन वं!"

"बसतो ना," ती म्हणाली.

दुपार कलल्यावर ती उतरली. हातात मूळ अर्ज, स्थळप्रत, अगदी वापरलेला कार्बनसुद्धा. अंजनाबाईंनी खोलीत काही ठेवून घेतलं नव्हतं. या वेळी तिने लिहिलं होतं : न सांगता या, आणि संस्थेत नव्हे, विणकरांच्या घरी पडलेल्या सुताच्या लडी तोला. साहेबांनी तसंच केलं. आठ घरांत सूत नोंदीपेक्षा कमी भरलं. रुपरावची जागा गेली. अनुसयाबाईचा माग पुन्हा सुरू झाल्याचं आम्हाला चहावाल्याकडून कळलं, कारण ती आमच्याकडे परत कधी आलीच नाही.

त्यानंतर चंपतराव मनातल्या मनात वाचू लागले. खणालाही कुलूप आलं. पण उशीर झाला होता. विणकर माडीवर जाऊ लागले, आणि माझ्यावर धूळ बसू लागली. लोक म्हणाले, टाइपरायटर जुना झाला. चिडू नको तर काय करू? मी कधी हळू चाललो नाही, मित्रांनो!

आजही जे येतात ते घाईतच येतात. मला तेल द्या, माझी अक्षरं पुसा, हे मी मागेनच. पण त्याआधी एवढं करा : मनातलं कुणाच्या हाती सोपवताना त्याच्या बोटांचा वेग पाहा, आणि त्याचा खणही उघडून पाहा. जो उघडू देत नाही, त्याच्यासमोर बसूच नका. मग भले तो माझा मालक का असेना.