अँटेनाचं तोंड कुणीकडे

केबलवाल्याने धंदा गुंडाळला आणि धाकट्या सुनेच्या घरातला टीव्ही मुका झाला. सगळ्यात जास्त अडलं ते सासऱ्यांचं. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिफ्ट चालत्या ठेवल्या, पण स्वतःच्या इमारतीला मात्र जिनाच. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून ते पहिल्या मजल्याच्या खाली उतरले नव्हते की वर चढले नव्हते. सकाळच्या बातम्या, दुपारची हॉकी आणि संध्याकाळचं हवामान, एवढंच बाहेरचं जग त्यांना उरलं होतं. तीन दिवस त्यांनी कळ काढली. चौथ्या दिवशी म्हणाले, "बाहेर काय चाललंय ते कुणीतरी सांगत जा रे."

धाकटी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून चौकटीत बसवायची. भिंग केसभर सरकलं तरी गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, हे तिला पक्कं ठाऊक. पण अँटेना घेताना तिने डोळे मिटले. खोक्यावर 'पन्नास किलोमीटर' असं ठळक छापलेलं होतं, त्याला ती भुलली. पाटीसारखी ती चपटी वस्तू खिडकीत लावली, तर दोन वाहिन्या लागल्या. सासऱ्यांनी पाय लांब केला की त्यातली एक जायची.

"श्वास घेतला तर चालेल ना?" त्यांनी विचारलं.

ती परत दुकानात गेली. दुकानदार म्हातारा आणि सावकाश बोलणारा होता.

"खिडकी कुठल्या दिशेला उघडते?"

"पश्चिमेला."

"टीव्हीचा मनोरा पूर्वेला आहे. म्हणजे त्याच्याकडे पाठ करून तुम्ही त्याला हाका मारताय. आणि खोक्यावरचे किलोमीटर मोकळ्या माळावरचे असतात, बाई. मध्ये भिंती आल्या की ते आटतात."

त्याने माशाच्या काट्यासारखी एक लांब अँटेना काढली. "ही गच्चीवर लावा, उघड्यावर. तोंड मनोऱ्याकडे. आणि वायर एकसंध घ्या. जितके जोड, तितकी गळती."

गच्चीपाशीच घोडं पेंड खात होतं. गच्चीचा दरवाजा थोरल्या दिरांच्या घरातून होता, आणि दोघा भावांत चार वर्षं शब्द नव्हता. सासूबाईंच्या शेवटच्या आजारात थोरला म्हणाला होता, ऑपरेशन करू. धाकटा म्हणाला होता, नको, तिला सोसायचं नाही. ऑपरेशन झालं आणि त्या गेल्या. तेव्हापासून धाकटा कामाला गेला की मगच थोरला बापाला भेटायला खाली यायचा.

"त्याच्या दारात मी पाऊल ठेवणार नाही," नवरा म्हणाला.

"तुम्हाला कोण जा म्हणतंय? तुम्ही टीव्हीसमोर बसा. पडद्यावर सिग्नलचा आकडा दिसेल, तो फोनवर सांगा."

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती अँटेना काखोटीला मारून वर गेली. दिरांनी दार उघडलं, तिच्या हातातल्या सांगाड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाबांसाठी ना? ये."

त्यांनीच अडगळीतून एक लोखंडी पाइप शोधून काढला. कठड्याला तो बांधला, वर अँटेना चढवली. वाऱ्यात स्पीकरवरचं काही ऐकू येईना, म्हणून तिने फोन कानाला लावला. नवरा आकडे सांगत होता: बावीस, वीस, बावीस. पुढे काही सरकेना.

"पाण्याची टाकी आड येतेय," दीर म्हणाले. मग सगळं बिऱ्हाड पलीकडच्या कोपऱ्यात हलवलं. तिथे नट आवळायला तिला दोन्ही हात लागले. फोन कानाखांद्यात धरवेना.

"भाऊजी, जरा हा धरा."

त्यांनी फोन कानाला लावला. मोकळ्या हाताने पाइप धरला. मग म्हणाले, "मी आहे. आकडा सांग."

पलीकडून काय आलं ते तिला ऐकू गेलं नाही. ती मान खाली घालून नट पिळत राहिली.

"किती? ...थांब, डावीकडे वळवतो. आता? ...बरं, बरं, परत आणतो. ओरडू नकोस."

दहा मिनिटं हेच चाललं. शेवटी दिरांनी फोन तिच्या हातात दिला. "चौऱ्याहत्तर म्हणतोय. आता कुणी हात लावू नका." आणि ते पाणी प्यायला आत निघून गेले. त्यांचा चेहरा मात्र तिला दिसला नाही.

वायर खिडकीतून आत घेऊन ती घरी आली, तेव्हा एकोणीस वाहिन्या लागल्या होत्या आणि सासरे हॉकीत बुडाले होते. नवरा स्वयंपाकघरात तिच्या मागोमाग आला.

"फोन त्याच्याकडे मुद्दाम दिलास ना?"

"माझ्या हातात पाना होता."

खरंच तेवढंच होतं. आधी ठरवलं असतं तर तिला ते जमलंही नसतं.

रात्रीची भाजी निवडताना सासरे हळूच तिला म्हणाले, "पहिल्या वाक्याला हा नुसता थिजला. नंतर म्हणाला, 'दादा, गेलं सगळं, मागे घे.' मी टीव्ही सोडून यालाच बघत होतो."

पुढच्या आठवड्यात जोराचा वारा सुटला आणि चार वाहिन्या गेल्या. ती कामावरून आली, तर नवरा घरात नव्हता.

"वर गेलाय," सासरे म्हणाले. "वाहिन्या पाच मिनिटांत आल्या. हा तासभर झाला, आलेला नाही."

तिने हातपाय धुतले, चहा टाकला. नवरा आला तो गंजाने हात लाल करूनच.

"एवढा वेळ काय करत होतात?"

"पाइप ढिला होता. दादा म्हणतो, रंग लावायला हवा, नाहीतर पावसाळ्यात सडेल. रविवारी लावू म्हणालो."

आईचा विषय निघाला का, हे तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. साबणाने तो बराच वेळ हात घासत राहिला. बाहेरच्या खोलीत हवामान लागलं होतं, आणि सासरे आवाज वाढवा म्हणून सांगत होते.